दलाई लामांचा तो व्हिडिओ मुलाने पाहिला, आता त्याला काय सांगू?

पाऊलवाट_ठाणे | १५ एप्रिल २०२३, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, शेवटी लिहितेय कारण घरात कुणाशी नीट बोलताच येईना. नवरा म्हणतो विषय सोड, सासूबाई म्हणतात एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये, आणि ऑफिसात सगळे नुसते फॉरवर्ड करत बसलेत.

बहुतेकांनी बघितलाच असेल. २८ फेब्रुवारीला धरमशालेला, मॅक्लिओडगंजच्या मुख्य मंदिरात विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता, त्यात एक लहान मुलगा माईकवर येऊन दलाई लामांना विचारतो की मी तुम्हाला मिठी मारू का. ते त्याला वर बोलावतात, आधी गालावर पापी, मग ओठांवर, आणि मग जीभ बाहेर काढून जे म्हणतात ते मला इथे परत टाइप करावंसं वाटत नाही. समोरचे लोक हसतायत, टाळ्या वाजवतायत. १० तारखेला त्यांच्या ऑफिसने निवेदन काढलं, त्या मुलाची, घरच्यांची आणि जगभरच्या मित्रांची माफी मागितली, पण त्यातच हेही होतं की ते भेटणाऱ्यांची अशी निरागस थट्टा नेहमीच करतात, चारचौघांत आणि कॅमेऱ्यासमोरसुद्धा.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. स्कूल व्हॅनमध्ये कुणा मोठ्या मुलाच्या मोबाईलवर त्याने बघितला. मला परवा रात्री कळलं. जेवताना वरणभात कालवत होता आणि मधेच म्हणाला, "आई, तो नको म्हणाला असता तर चाललं असतं का?" मी म्हटलं हो, चाललंच असतं. तर म्हणाला, "पण सगळे हसत होते ना."

पुढे मला बोलताच आलं नाही. कारण मला मागच्या वर्षीचं आठवलं. नात्यातल्या एकांकडे त्यांचे महाराज आले होते, पाद्यपूजा होती, आम्ही सगळे गेलो होतो. ह्याला पुढे ढकललं, महाराजांनी मांडीवर ओढून घेतलं, हनुवटी धरून गाल कुरवाळत राहिले. वाईट काही नव्हतं हो, मी तिथेच होते, दोन हातांवर. पण पोराने असं अंग चोरलं होतं, खांदे कानापर्यंत वर आणि हाताच्या मुठी घट्ट, आणि माझ्याकडे बघत होता. आणि मी काय केलं तर मी हसले. सगळे हसत होते म्हणून मी पण हसले. लाजतो जरा, असं म्हटलं. त्याच्या लक्षात असेल ते? असणारच.

मला दलाई लामांबद्दल फार आदर होता, अजूनही मन मानत नाही की त्यांच्या मनात काही वाईट असेल. कुणी म्हणतं तिबेटी संस्कृतीच आहे, कुणी म्हणतं चीनने पसरवलंय. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. आणि मुख्य म्हणजे पोराला काय सांगू ते सांगा. कृपा करून इथे कुणी व्हिडिओची लिंक टाकू नका.

---

सह्याद्री_८२ | १६ एप्रिल, सकाळी ७:५५

ताई, आधी हे लक्षात घ्या की प्रसंग २८ फेब्रुवारीचा आणि बोंबाबोंब एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मधे सव्वा महिना कुणाला काही खटकलं नाही? त्याच मार्चमध्ये मंगोलियातल्या बौद्धांच्या सर्वोच्च लामांचा पुनर्जन्म म्हणून एका मुलाला त्यांनी धरमशालेत लोकांसमोर आणलं, चीनला हे किती झोंबतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मग अचानक तीस सेकंदांचा कापलेला तुकडा जगभर. पूर्ण क्लिप बघितली तर ते नंतर त्या मुलाला समजावतायत, चांगल्या माणसांकडे बघ, जे शांती आणतात त्यांच्याकडे, माणसं मारणाऱ्यांच्या मागे जाऊ नकोस. आणि कार्यक्रमानंतर तो मुलगा आणि त्याची आई तिबेटी मीडियाशी बोललेत, दोघेही खूश होते. ८७ वर्षांचा माणूस, १९५९ पासून देशाबाहेर, १९८९ चं नोबेल, आणि आपण मोबाईलवर अर्धा मिनिट बघून त्याचा निकाल लावायचा? लडाखमध्ये लोक रस्त्यावर उतरलेत त्यांच्या बाजूने, ते काय वेडे आहेत?

---

गोठणगावचा_शेजारी | १६ एप्रिल, दुपारी १:१०

मी गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुका. आमच्या गोठणगावजवळ प्रतापगडच्या पायथ्याला तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नाव. शाळेत माझ्या बाकावर तिबेटी पोरगा होता, त्यांच्या घरी लहानपणापासून जाणं-येणं, थंडीत ते लोक स्वेटर विकायला गावोगाव जातात तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्यांकडे लक्ष ठेवायचं काम आमच्या घराकडे. म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो.

पहिलं, जीभ दाखवून नमस्कार करायची जुनी पद्धत तिबेटात आहे हे खरं. नवव्या शतकात लांगदर्मा नावाचा राजा होता, बौद्धांचा छळ करणारा, त्याची जीभ काळी होती असं सांगतात, तर आपण त्याचा पुनर्जन्म नाही हे दाखवायला लोक जीभ बाहेर काढत. पण ह्या व्हिडिओचा त्याच्याशी काही संबंध नाही. फेसबुकवर लोक तेच चिकटवतायत, ते चूक आहे, आणि चुकीचा बचाव केला की खरी गोष्टपण खोटी वाटायला लागते.

दुसरं, खरं जे आहे ते असं. "चे ले सा" असं त्यांच्यात म्हणतात, माझी जीभ खा असा अर्थ. तिबेटच्या आम्दो भागातलं हे बोलणं, दलाई लामा मूळचे तिथलेच, ताकत्सेर गावचे. आजोबाकडे नातू येतो, आजोबा पापी घेतो, कपाळाला कपाळ लावतो, गोळी देतो, पोरगं अजून माग अजून माग करतं, मग म्हातारा म्हणतो सगळं दिलं आता काही उरलं नाही, घे आता माझी जीभ खा, आणि जीभ काढून दाखवतो. पोरगं ई करून पळतं. मी स्वतः बघितलंय, माझ्या मित्राच्या आजीने माझ्याशीपण केलंय. त्यात काही म्हणजे काहीच वाईट नसतं. आपल्याकडे नाही का "खाऊ का तुला" म्हणतात, त्यातलाच प्रकार. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, खाण्याच्या जागी जो शब्द आला त्याने सगळा अर्थच फिरला.

हे मी मनापासून सांगतो. पण आता पुढचंपण सांगतो, ते माझ्या तिबेटी मित्राला आवडणार नाही. आजी माझ्याशी करायची तेव्हा मला तो खेळ माहीत होता. पळायचं असतं हे माहीत होतं, आजी पकडणार नाही हे माहीत होतं, आणि ती मला रोज भेटायची. मंचावरचं ते पोरगं भारतीय, त्याला ना ती भाषा ना तो खेळ, समोर शंभर माणसं, कॅमेरे, आणि बाजूला जगातला एवढा मोठा धर्मगुरू. ते पळणार कुठे? आणि ओठांवरच्या पापीचं उत्तर "चे ले सा" मध्ये मिळत नाही, ते गालावर नि कपाळावर असतं, निदान मी बघितलं ते तरी.

वसाहतीत ह्या आठवड्यात लोक रडलेत. मी काल गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, तुमच्या टीव्हीवर कुंदुनला काय काय म्हणतात रे. कुंदुन म्हणजे दलाई लामा, ते लोक घरात त्यांना असंच म्हणतात. मी काय सांगणार, टीव्ही बंद आहे म्हटलं.

---

निळाई_नागपूर | १६ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

गोठणगावच्या दादांनी खूप समजून लिहिलंय. मी बौद्ध आहे, आमच्या घराण्याने १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. आमचा आणि तिबेटी लोकांचा मार्ग एक नाही, आम्ही लामांचे पुनर्जन्म वगैरे मानत नाही, बाबासाहेबांनी ते शिकवलंच नाही. तरीपण २०१९ ला ते औरंगाबादला धम्म परिषदेला आले तेव्हा माझे वडील गुडघे दुखत असताना एसटीने गेले होते, लांबून बघून आले तरी आठवडाभर तेच सांगत होते. हा व्हिडिओ आल्यापासून वडील बोलत नाहीयेत. भिंतीवर फोटो आहे, काढला नाही, पण रोज त्याच्यासमोर उदबत्ती फिरायची ती आता फक्त बुद्धाच्या फोटोसमोर थांबते. मी बघून न बघितल्यासारखं करते.

सह्याद्री दादा, तुम्ही म्हणता मोठा माणूस, नोबेल. मला त्यावर एक गोष्ट आठवते, विनयात म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे, त्यातल्या महावग्ग भागात. बुद्धाचा मुलगा राहुल सात वर्षांचा असताना बुद्धाकडे येऊन म्हणाला मला माझा वारसा द्या. बुद्धाने आपल्या सारिपुत्त ह्या शिष्याला सांगून त्याला प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, दिला. बुद्धाच्या मनात काय वाईट असणार? शुद्ध हेतू होता, धम्माहून मोठा वारसा कोणता. पण बुद्धाचे वडील शुद्धोदन येऊन म्हणाले की तू गेलास तेव्हा दुःख झालं, तुझा सावत्र भाऊ नंद गेला तेव्हा झालं, राहुल गेला तेव्हा तर कातडी, मांस, हाडं कापत मज्जेपर्यंत गेलं, यापुढे आईबापाला विचारल्याशिवाय कुणाच्या पोराला प्रव्रज्या देऊ नये. आणि बुद्धाने काय केलं? माझा हेतू चांगला होता असं म्हणाले नाहीत. थट्टा होती म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून नियमच केला की आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही. अडीच हजार वर्षं तो नियम आहे.

मला त्या निवेदनात हे हवं होतं. "दुखावलं असेल तर" असं नको होतं. आजपासून मी मुलांशी असं वागणार नाही, असं एक वाक्य हवं होतं. ते आलं असतं ना, तर माझ्या वडिलांनी उदबत्ती परत तिथपर्यंत नेली असती.

चीनचं म्हणाल तर चीनने पसरवलंही असेल, पण कुणी दाखवलं यावरून जे दिसलं ते बदलत नाही ना.

---

हर्णैकर | १६ एप्रिल, रात्री ९:०५

२०१९ ला पण बीबीसीच्या मुलाखतीत बाई दलाई लामा झाली तर दिसायला चांगली पाहिजे असं काहीतरी बोलले होते, तेव्हाही ऑफिसने माफी मागितली होती. म्हणजे आजूबाजूच्या लोकांना माहीत होतं की हे थट्टेत काहीही बोलून जातात. मग सावरायला कुणी नको? मंचावर एवढी माणसं होती, एकाने तरी पोराचा हात धरून ये बाळा खाली म्हणायला काय हरकत होती. माझा राग म्हाताऱ्यापेक्षा त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर जास्त आहे.

आणि ताई, तुम्ही त्या पाद्यपूजेचं लिहिलंत, आम्ही सगळे तेच करतो हो. काकाला पापी दे, मामाला पापी दे, दिली नाही तर खाऊ नाही. माझ्या पुतणीला मीच किती वेळा असं बोललोय. गणपतीत घर भरलेलं असतं, ती दाराआड लपायची आणि आम्ही तिला ओढून काढायचो. आता आठवलं की कसंतरी होतं.

---

काळा_कोट_पुणे | १७ एप्रिल, सकाळी १०:२०

कायद्याचं थोडं लिहिते कारण व्हॉट्सॅपवर "पॉक्सो लावा" आणि "पॉक्सो लागूच शकत नाही" दोन्ही जोरात चाललंय.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्याच्या कलम ७ मध्ये लैंगिक हेतू हा मुख्य भाग आहे. महाराष्ट्रातल्यांना आठवत असेल, जानेवारी २०२१ ला नागपूर खंडपीठाने निकाल दिला होता की कपड्यावरून स्पर्श केला तर तो ह्या कलमात बसत नाही, त्वचेला त्वचा लागली पाहिजे. केवढा गदारोळ झाला होता. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि सांगितलं की स्पर्श कसा झाला हे नाही, हेतू काय होता हे बघायचं. आता हाच निकष इथे दोन्हीकडून वापरला जाणार. शिवाय ह्या गुन्ह्यांत खटला उभा राहिला की हेतू होता असं कोर्ट गृहीत धरतं, नव्हता हे आरोपीने दाखवायचं, ते कलम ३०. म्हणजे म्हातारे आहेत, संत आहेत म्हणून सुटले असंही नाही, आणि व्हिडिओ घाण वाटला म्हणून अडकले असंही नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. जे लोक ह्याला गुन्हा म्हणतायत त्यांनी तरी त्या मुलाचा चेहरा दाखवायला नको होता. कलम २३ आहे, पीडित मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, फोटो, शाळा, काहीही माध्यमांनी छापायचं नाही, सहा महिने ते एक वर्ष शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. बऱ्याच चॅनेलांनी नंतर चेहरा धूसर केला, नंतर. तोवर कोट्यवधी लोकांनी बघून झालं होतं. हा मुलगा उद्या पंधरा वर्षांचा होईल, वर्गात कुणीतरी मोबाईल काढेल. मंचावर जे झालं ते एका मिनिटात संपलं, आपण जे केलं ते संपतच नाहीये. संताप आला म्हणून फॉरवर्ड करणारे आणि बचावासाठी "पूर्ण क्लिप" फॉरवर्ड करणारे, दोघांच्याही फॉरवर्डमध्ये त्या पोराचा चेहरा आहे.

ताई, पोराला काय सांगायचं ह्यावर माझं मत, सगळ्यात आधी त्या पाद्यपूजेबद्दल त्याची माफी मागा. दलाई लामांचं नंतर.

---

सह्याद्री_८२ | १७ एप्रिल, दुपारी १२:४५

वकील ताई, मी पण पूर्ण क्लिप चार ग्रुपवर टाकली होती. बचावासाठीच. चेहऱ्याचा विचारच केला नाही. तिथून काढायचा प्रयत्न केला, दोन ग्रुपवर वेळ उलटून गेलीये, आता फक्त मलाच पुसता येतंय, सगळ्यांसाठी नाही. दलाई लामांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. पण हे मात्र चुकलं.

---

पाऊलवाट_ठाणे | १८ एप्रिल, रात्री १२:१५

सगळ्यांचे आभार, खूप वेळा वाचलं. निळाई, राहुलचं मला माहीत नव्हतं, वाचून डोळ्यात पाणी आलं.

काल रात्री दिवा बंद केल्यावर बोलले त्याच्याशी. अंधारात सोपं जातं. म्हटलं, त्या दिवशी तुला मांडीवर ओढलं तेव्हा तुला आवडलं नव्हतं ना. तो लगेच म्हणाला नाही, त्यांच्या हाताला चंदनाचा वास होता आणि बोटं ओली होती. एवढं सगळं आठवतंय त्याला! मी म्हटलं मी तेव्हा हसले, ते माझं चुकलं, मी तुला उचलून घ्यायला पाहिजे होतं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, पण मग त्या लोकांना राग आला असता. मी म्हटलं येऊ दे ना, मी बघितलं असतं. तर म्हणे, "नक्की?"

नक्की म्हटलं.

मग त्याने विचारलं ते आजोबा वाईट आहेत का. मी गोठणगावच्या दादांनी लिहिलेलं सांगितलं, खाऊ संपतो तो खेळ, जीभ खा म्हणतात तो. त्याला तो आवडला, हसला. आणि म्हणाला, पण त्या मुलाला आधी खेळ सांगायला हवा होता. शाळेत चांगला स्पर्श वाईट स्पर्श शिकवलाय त्यांना, पण त्यात चित्रातला वाईट माणूस नेहमी अनोळखी असतो, काळे कपडे, मिशा. पांढऱ्याशुभ्र धोतरातला किंवा भगव्या कपड्यातला माणूस त्या चित्रात नसतोच. दुसऱ्या सत्रात शाळेत ह्यावर बोलणार आहे मी.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही की पुढच्या वेळी पाया पडायचं की नाही हे तो ठरवेल. वाद होणार आहे, माहीत आहे.

---

काळा_कोट_पुणे | ११ जुलै २०२४, संध्याकाळी ५:५०

जुना धागा वर काढतेय. दिल्ली हायकोर्टाने ९ तारखेला ह्या प्रकरणातली जनहित याचिका फेटाळली. पॉक्सोखाली कारवाई करा अशी मागणी होती. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की सगळं लोकांसमोर झालं, मुलाने स्वतः भेटायची आणि मिठी मारायची इच्छा सांगितली होती, व्हिडिओत थट्टेचा भाव दिसतो, तिबेटी संस्कृतीच्या संदर्भात ते बघायला हवं, आणि ज्यांना दुखावलं त्यांची माफीही मागितली गेलीये.

निकाल म्हणून मला तो अपेक्षित होता. एक मुद्दा मात्र मला पटला नाही. मिठीची इच्छा मुलाची होती, बरोबर. पण पुढचं त्याने मागितलं नव्हतं. मिठीला हो म्हणजे पुढच्या सगळ्याला हो, असं मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण आता मानत नाही, मग मुलांच्या बाबतीत का मानायचं? आणि "लोकांसमोर झालं" ही मला सोयीची नाही तर अडचणीची बाजू वाटते, ठाण्याच्या ताईंचा मुलगा पहिल्या दिवशी तेच म्हणाला होता.

---

पाऊलवाट_ठाणे | ११ जुलै २०२४, रात्री १०:३०

वकील ताई, कळवल्याबद्दल आभार. वाद झाला सासूबाईंशी, चांगला महिनाभर चालला, आता निवळलाय. तो हात जोडून लांबून नमस्कार करतो, आणि त्याच आता लोकांना सांगतात की आमचा असाच करतो.

आज जेवताना त्याला निकालाचं सांगितलं. कोर्ट, कलमं ह्यात त्याला काही रस नव्हता. तो मुलगा आता कितवीत असेल आणि कुठल्या शाळेत, एवढंच विचारत होता. मी म्हटलं, ते आपल्याला माहीत नसलेलंच बरं.